गाव सुटते, शाळा सुटू नये
पेठ तालुक्यातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपुढील शिक्षणाचे पर्याय

दुबई, सिंगापूर किंवा लंडन येथे नोकरीनिमित्त जाणाऱ्या कुटुंबात तिकिटांच्या आधी एका प्रश्नाची चर्चा होते : मुलांच्या शाळेचे काय? तेथे सीबीएसईची शाळा आहे का, आयबी घ्यावे की केंब्रिज, दोन वर्षांनी परत आल्यावर मुलाला कोणत्या इयत्तेत बसवतील, घरातली मराठी टिकेल का, अशा शंकांवर महिनोन् महिने विचार होतो. त्यांची उत्तरे देणाऱ्या व्यवस्थाही आज उभ्या आहेत. आखाती देशांत सीबीएसईशी संलग्न शाळा आहेत. देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना सर्वत्र मान्य होईल असा एक अभ्यासक्रम हवा, या गरजेतून १९६८ मध्ये जिनिव्हात आयबीची स्थापना झाली. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात.

नाशिकपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या पेठ तालुक्यातही दरवर्षी दिवाळीनंतर हाच प्रश्न घरोघरी उभा राहतो. तेथील कुटुंबे विमानाने जात नाहीत. अंथरूण, भांडी, तांदळाचे पोते आणि लहान मुले घेऊन ती जीपमध्ये किंवा पिकअपमध्ये बसतात आणि घाट ओलांडून दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात उतरतात. अंतर अवघे साठ-सत्तर किलोमीटरचे. परंतु शाळेच्या दृष्टीने पाहिले, तर हे अंतर काही वेळा समुद्रापलीकडच्या देशाहून मोठे ठरते, कारण परदेशी जाणारे मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते, तर पेठचे मूल अनेकदा शाळेतून थेट मळ्याच्या बांधावर जाते.

पावसाचा तालुका, पाण्याची टंचाई

पेठ हा गुजरातच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ तालुका. लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असून कोकणा, महादेव कोळी, वारली हे येथील प्रमुख समाज होत. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके त्यावरच येतात. मात्र उताराच्या जमिनीवर पाणी थांबत नाही. सिंचन थोडे, जमिनीचे तुकडे लहान. भात झोडून झाला की शेतातले काम संपते आणि मार्च-एप्रिलपर्यंत विहिरीही तळ गाठू लागतात.

नेमक्या याच काळात द्राक्षबागांना माणसे हवी असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. त्यानंतर पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, घड डिपिंग करणे, मण्यांची विरळणी करणे ही कामे एकामागून एक येतात. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी चालते आणि त्यानंतर खरड छाटणी. ही कामे हातानेच करावी लागतात आणि वेळेवरच करावी लागतात. डिपिंग दोन दिवस लांबले, तर मण्याचा आकार बिघडतो. त्यामुळे एकराच्या हिशेबाने उक्ते काम घेणाऱ्या टोळ्या बोलावल्या जातात. टोळीत जितके हात अधिक, तितके काम लवकर उरकते आणि पुढचा मळा लवकर मिळतो. मुलांच्या शाळेचा खरा प्रतिस्पर्धी हा हिशेब आहे.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. पहिले सत्र दिवाळीला संपते. म्हणजे पहिले सत्र गावात आणि दुसरे सत्र मळ्यावर, अशी मुलाच्या वर्षाची विभागणी होते. होळीला कुटुंब गावी परतते तेव्हा वर्गात अपूर्णांक, वजाबाकी, जोडाक्षरे हे सारे शिकवून झालेले असते. मूल वरच्या वर्गात जाते खरे. पण दरवर्षी अर्धे पुस्तक मागे राहते. चौथीपर्यंत ही उणीव झाकली जाते. पाचवीत आणि आठवीत आता पुन्हा वार्षिक परीक्षा आल्याने ती तेथे उघडी पडते, आणि सातवी-आठवीच्या सुमारास मूल स्वतःच म्हणू लागते, “मला नाही जायचे शाळेत.” त्या वयात त्याच्या हाताला मजुरीही मिळू लागलेली असते.

पहिला पर्याय : मूल गावातच ठेवणे

आजी-आजोबा धडधाकट असतील, तर मुलाला त्यांच्याजवळ ठेवणे हा सर्वांत साधा मार्ग. शाळा तीच, शिक्षक तेच, सोबतीही तेच. अडचण येते ती जेवणाची आणि देखरेखीची. दुपारचे जेवण शाळेत पोषण आहारातून मिळते. संध्याकाळची चूल म्हाताऱ्या हातांवर पडते.

ही अडचण ओळखूनच महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना आली. आई-वडील बाहेरगावी असतील त्या पाच-सहा महिन्यांत शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय करायची, अशी तिची रचना. ती रुजली प्रामुख्याने मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यात. तिचे मर्म मात्र कोणत्याही गावाला उपयोगी आहे : मूल गावात राहावे म्हणून नवी शाळा लागत नाही, दोन वेळचे जेवण आणि रात्री लक्ष ठेवणारे एक जबाबदार माणूस लागते. यासाठी मागणी मात्र कुटुंबे निघून गेल्यावर करून चालत नाही. कोणाची मुले मागे राहणार, याची यादी दिवाळीपूर्वीच तयार हवी.

दुसरा पर्याय : आश्रमशाळा आणि निवासी शाळा

आदिवासी विकास विभागाच्या राज्यात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत आणि जवळपास तितक्याच स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळाही आहेत. विभागाचे आयुक्तालय नाशिकलाच आहे. या भागात शिक्षणाची वाट पाडण्याचे काम दादासाहेब बिडकर यांच्या डांग सेवा मंडळाने केले. पेठ येथील महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. निवास, भोजन, पुस्तके आणि वर्ग एकाच ठिकाणी असल्याने पालकांच्या स्थलांतराचा मुलाच्या हजेरीवर परिणाम होत नाही, हा आश्रमशाळेचा मोठा लाभ.

तिच्या मर्यादाही पालकांनी ध्यानात घ्याव्यात. प्रवेश जूनमध्ये होतात आणि जागा मोजक्या असतात. दिवाळीनंतर ऐनवेळी मुलाला आश्रमशाळेत ठेवू म्हटले, तर दार बंद असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय सहा वर्षांचे मूल आईपासून दूर राहण्यास तयार आहे का, हा प्रश्न परदेशी बोर्डिंगचा विचार करणाऱ्या श्रीमंत घरात जितका खरा, तितकाच येथेही खरा. आश्रमशाळा निवडण्यापूर्वी तेथे एकदा जाऊन यावे. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मुलींच्या निवासासाठी स्त्री अधीक्षक, आजारपणात नेण्याचा दवाखाना या चार गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात.

पाचवीत शिकणाऱ्या मुलांसाठी आणखी दोन दारे आहेत. दिंडोरी तालुक्यातील खेडगाव येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा होते आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखीव असतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांतही सहावीपासून प्रवेशपरीक्षेद्वारे जागा मिळते. या दोन्ही शाळांत बारावीपर्यंत शिक्षण, निवास आणि भोजन विनामूल्य असते. याखेरीज आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत शिकवण्याची शासनाची योजनाही आहे. परंतु या परीक्षांचे अर्ज भरण्याच्या आणि तयारीच्या दिवसांत कुटुंब मळ्यावर असेल, तर संधी हुकते. गावातील शिक्षकांनी पाचवीतील मुलांचे अर्ज पालक निघण्यापूर्वी भरून घेतले, तर एका कागदाने सात वर्षांची सोय होऊ शकते.

तिसरा पर्याय : मळ्याजवळची शाळा

मुलाला सोबत नेण्यावाचून इलाज नसेल, तर ज्या गावात मळा आहे तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याला बसवता येते. हा पर्याय सर्वांत कमी वापरला जातो आणि त्याविषयीच पालकांना सर्वांत कमी माहिती असते. वास्तविक १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा या मुलांच्या बाजूने स्पष्टपणे उभा आहे. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. वर्ष अर्धे उलटले म्हणूनही नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे.

या प्रवासासाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड देण्यात येते. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येते, याची नोंद असलेले हे कार्ड दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते आणि परतल्यावर मूळ शाळेत पुन्हा रुजू होता येते. परदेशी जाणाऱ्यास जसा पासपोर्ट, तसे या मुलास हे कार्ड. पेठ आणि दिंडोरी एकाच जिल्ह्यात असल्याने आणखी एक मोठी सोय आपोआप होते : दोन्हीकडे माध्यम मराठी आणि पाठ्यपुस्तके बालभारतीचीच. परदेशी जाणाऱ्या मुलाला नवे माध्यम आणि नवा अभ्यासक्रम पेलावा लागतो. पेठच्या मुलाला तेच पुस्तक पुढच्या पानापासून वाचायचे असते. अट एकच, पुस्तक गावी कोनाड्यात राहता कामा नये.

तरीही मुले शाळेत का पोहोचत नाहीत? कारणे कायद्याबाहेरची आहेत. साखर कारखान्याच्या तळावर शेकडो कुटुंबे एकत्र राहतात, त्यामुळे तेथे साखरशाळा काढता आली. पुण्या-मुंबईत बांधकामाच्या जागी अनेक कुटुंबे वस्तीला असतात, म्हणून १९८८ मध्ये रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी सुरू केलेल्या डोअर स्टेप स्कूलला मुलांच्या दारी शाळा नेता आली. द्राक्षमळ्यावर मात्र दोन-चारच कुटुंबे असतात आणि तीही पंधरवड्यात दुसऱ्या मळ्यावर हलतात. तेथे शाळा नेणे कठीण. मुलालाच रस्त्यापलीकडच्या शाळेत पोहोचवावे लागते. दुसरे कारण पाळण्याचे आहे. आई बागेत असताना वर्षभराच्या भावंडाला सांभाळते ती नऊ-दहा वर्षांची बहीण. त्या बाळाची सोय अंगणवाडीत किंवा मळ्यावरच्या एखाद्या वयस्क बाईकडे झाली, की बहिणीची शाळा सुरू होते. मुलीच्या शिक्षणाची किल्ली अनेकदा धाकट्या भावाच्या पाळण्यात असते.

सीमा ओलांडताना

काही कुटुंबे पूर्वेकडे न जाता पश्चिमेस, धरमपूर, वापी, सिल्व्हासाच्या दिशेने जातात. तेथे मात्र खरोखर परप्रांत सुरू होतो. शाळेचे माध्यम गुजराती, पुस्तके वेगळी, लिपी वेगळी. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. परंतु अशी सोय प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. काम चार-सहा महिन्यांचे असेल, तर अशा वेळी मुलाला गावी किंवा निवासी शाळेत ठेवणे अधिक हिताचे. कुटुंब कायमचेच स्थिरावणार असेल, तर लहान वयात गुजराती माध्यम स्वीकारण्यात भीती बाळगू नये. घरी कोकणा बोली आणि शाळेत मराठी, अशी दुसरी भाषा ही मुले एकदा शिकलेलीच असतात.

अमेरिकेत पिकांच्या हंगामाबरोबर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ पासून स्वतंत्र केंद्रीय शिक्षण कार्यक्रम आहे. मुलाच्या शैक्षणिक नोंदी त्याच्यासोबत पुढच्या राज्यात पाठवणे हा त्याचा महत्त्वाचा भाग. आपल्याकडेही प्रत्येक विद्यार्थ्याला ऑनलाइन क्रमांक मिळालेला आहे. एका शाळेने दुसऱ्या शाळेस वेळेवर कळवले, तर वाटेत मूल हरवणार नाही.

निघण्यापूर्वी

पालकांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुख्याध्यापकांना भेटून कोठे, कोणत्या गावी आणि किती काळ जाणार हे सांगावे. शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. आधारची प्रत, जातीचा दाखला, विद्यार्थी क्रमांक आणि शिक्षकांचा फोन क्रमांक एका पिशवीत ठेवावा. पुस्तके व पाटी सामानात सर्वांत वर बांधावी. मळ्यावर पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच शाळा गाठावी, कारण लांबलेला दिवस पुन्हा येत नाही.

बागायतदाराच्या हातीही पुष्कळ आहे. टोळी ठरवताना मुले किती आणि कोणत्या इयत्तेतली, हे विचारता येते. गावच्या शाळेत शब्द टाकता येतो. सकाळी दूध घालायला जाणाऱ्या गाडीवर दोन मुलांना शाळेपर्यंत सोडता येते. उक्त्या कामात चौदा वर्षांखालील हात चालणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी मुकादमाला बजावता येते. तो कायदाही आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीची तपासणी होताना औषधाच्या अंशाबरोबर बागेत बालमजुरी नाही ना, हेही अनेक खरेदीदार आता विचारतात.

नातवाची परदेशातील शाळा ठरवताना आजोबा-आजी जी काळजी वाहतात, तीच काळजी पेठच्या पाड्यावरची आईही वाहते. तिला माहितीपत्रके मिळत नाहीत, सल्लागार मिळत नाही. तिला वेळेवर एक कार्ड, मळ्यापासून शाळेपर्यंतची सोबत आणि “याला बसवून घ्या” असे म्हणणारा एक माणूस मिळाला, तर पुष्कळ होईल. पुढल्या दिवाळीनंतर घाट उतरून येणाऱ्या जीपमध्ये सामानावर पुस्तकांची पिशवी बांधलेली दिसली, तर त्या गाडीतील मुलांचे दुसरे सत्र वाचले असे समजावे.