लॅटिनो किशोरवयीन मुले आणि कोविड: समजूतदारपणामागचे नैराश्य

कोविडच्या काळात अमेरिकेतील अनेक लॅटिनो आईवडिलांना शेतात, मांस कारखान्यांत, साफसफाईच्या कामावर जावेच लागले. शाळा बंद होत्या. किशोरवयीन मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांच्या वतीने डॉक्टरांशी बोलत. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हायस्कूलच्या ४२ टक्के विद्यार्थ्यांनी सतत दुःखी किंवा निराश वाटल्याचे सांगितले. लॅटिनो विद्यार्थ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते.

कुटुंबाचा आधार मन सावरतो. पण घराचा भार उचलणारे मूल ‘समजूतदार’ ठरते आणि त्याचा त्रास नजरेतून सुटतो.

लक्षणे: दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा चिडचिड, झोप-भुकेत बदल, मित्रांना टाळणे, वारंवार डोके किंवा पोट दुखणे.

काय करावे? मुलाशी एकांतात बोला. आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. उत्तर ‘हो’ असल्यास मुलाला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. तेथे भाषेची अडचण असेल तर मुलालाच दुभाषी करू नका. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर स्पॅनिशमध्येही मदत मिळते. तुमच्या घरातील मुलात ही लक्षणे दिसल्यास भारतात टेली-मानस १४४१६ वर फोन करा.