इंजिन काढायच्या आधी प्लग काढा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, साडेचार हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गाडीचं इंजिन काढायला सांगितलंय. किक मारून मारून पाय भरून आला, सुरूच होईना." गाडी जुनी स्प्लेंडर. मालक गेले तेव्हापासून ताई स्वतः चालवतात. डेअरीला दूध घालणं, बँकेत गटाचे पैसे भरणं, सगळं त्या गाडीवर.

माझ्याकडेही बाबांची तसलीच स्प्लेंडर आहे, २००३ सालची. तिनं मला इतक्या वेळा रस्त्यात उभं केलंय की थोडंफार शिकावंच लागलं. म्हटलं, "ताई, कर्जाचं नंतर बघू. आधी गाडी बघू."

चूल पेटायला काय लागतं? जळण, काडी आणि हवा. गाडीलाही तेच लागतं: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. यातलं काय कमी पडतंय ते क्रमानं शोधायचं. गाडी उघड्यावर लावा, इंजिन थंड असू द्या, जवळ चूल किंवा विडी नको.

१) पेट्रोल. टाकी हलवून आवाज घ्या. पेट्रोलचा कॉक बंद तर नाही ना, बघा. कमी असेल तर रिझर्व्हला करा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष तिथंच. पावसाळ्यात टाकीत पाणी जातं. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतलं पेट्रोलही खराब होतं.

२) चोक. सकाळी थंड गाडीला चोक द्या आणि रेस न देता किक मारा. सुरू होऊन इंजिन जरा तापलं की चोक बंद करा. गरम गाडीला चोक देऊ नका.

३) गाडी ओव्हर होणं. किका मारून पेट्रोलचा वास यायला लागला, तर आत पेट्रोल जास्त झालंय. कॉक आणि चोक बंद करा, रेस पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ किका मारा. नाहीच झाली तर दहा मिनिटं थांबा. आपण घाईत अजून चोक देतो, मग जास्तच बिघडतं.

४) प्लग. रबरी टोपी ओढून काढा, प्लगभोवतीची धूळ फुंका आणि प्लगपान्यानं प्लग खोला. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर जुन्या दातघासणीच्या ब्रशनं साफ करा. ओला असेल तर वाळवा. आता करंट बघू. कॉक बंद ठेवा. प्लग टोपीत बसवा, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. रबरी टोपीच धरा, धातूला हात नको. चावी चालू करून दुसऱ्या कुणाला तरी किक मारायला सांगा. निळी, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. नाही दिसली तर नवीन प्लग लावून बघा, शे-सव्वाशे रुपयांत मिळतो. बसवताना आधी हातानं फिरवा, मग पान्यानं घट्ट करा. आटे तिरके बसले तर मात्र खरंच खर्च लागेल.

५) हवा. एअर फिल्टर धुळीनं भरला की गाडीचा श्वास कोंडतो. कागदाचा फिल्टर धुवू नका, बदला.

बॅटरीबद्दल एक सांगते. जुन्या, किकच्या स्प्लेंडरमध्ये प्लगचा करंट बॅटरीतून येत नाही. त्यामुळे हॉर्न बसलाय म्हणून गाडी सुरू होत नाही, असं कुणी म्हणालं तर लगेच बॅटरी बदलू नका.

मिस्त्रीकडे कधी जायचं? नवीन प्लगलाही करंट नसेल, किक एकदम हलकी लागत असेल, किंवा गाडी चालताना सारखा निळा धूर सोडत असेल तेव्हा. हलकी किक आणि निळा धूर दोन्ही असेल, तर इंजिनकाम निघू शकतं. पण काम सांगितलं की कारण विचारा, बदललेला जुना भाग परत मागा आणि बिल घ्या.

त्या ताईंच्या गाडीचा प्लग कोळशासारखा काळा निघाला. साफ केला तरी ठिणगी मिणमिणती. नवीन प्लग आणला आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. अध्यक्ष ताईंनी इतिवृत्तात लिहिलं, "कर्जाची मागणी मागे घेतली." आता त्या ताई डिकीत प्लगपाना आणि एक जादा प्लग ठेवतात. तुम्हीही ठेवा. आणि पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी ती घेऊन या. अंगणात सगळ्याजणी मिळून प्लग खोलून बघू.