अंगणातली बर्फपेटी

अंगणात ठेवायची लाकडी बर्फपेटी म्हणजे खरं तर दोन पेट्या, एकीच्या पोटात दुसरी. बाहेरची लाकडाची, रूपासाठी आणि भार पेलण्यासाठी. आतली पत्र्याची किंवा प्लास्टिकची, बर्फ आणि पाणी धरण्यासाठी. दोन्हींच्या मधे दोन-तीन बोटं जागा असते. बर्फ किती वेळ टिकणार हे त्या जागेत काय भरलं आहे त्यावर ठरतं.

ही रचना जुनी आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडचा शेतकरी थॉमस मूर याला लोणी घट्ट ठेवून बाजारात न्यायचं होतं. त्याने सीडार लाकडाच्या लंबगोल टबात पत्र्याचं भांडं बसवलं, मधल्या फटीत बर्फ भरला आणि टबाला बाहेरून सशाची कातडी गुंडाळली. १८०३ साली त्याला याचं पेटंट मिळालं. नाव त्याने ठेवलं ‘रेफ्रिजरेटर’, जरी त्यात हलणारा एकही भाग नव्हता. तीस वर्षांनी, १८३३ मध्ये, बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं ‘टस्कनी’ जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं. निघताना १८० टन होता, चार महिन्यांनी त्यातला सुमारे १०० टन उरला होता. हा पराक्रम बर्फाभोवतीच्या भरावाचा. आपल्याकडचा बर्फवालाही लादी भुशात आणि गोणपाटातच ठेवत आला आहे.

आज अमेरिकेत ही पेटी हौशी सुतारांचं सुटीचं काम झाली आहे. कंबरेएवढ्या चार पायांवर चौकट, तिला सीडारच्या नाहीतर मालवाहू पॅलेटच्या फळ्या, वर बिजागऱ्यांचं झाकण, बाजूला बाटली उघडायचा हुक, आणि आत बहुतेकदा घरातलाच जुना प्लास्टिकचा कूलर. पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाचावा लागतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नये. आपल्याकडे हेच काम सागवानात किंवा फणसाच्या लाकडात उत्तम होईल.

हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. आतून ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची पेटी ३५ अंशांच्या सावलीत आहे असं धरू. नुसत्या दोन सेंटिमीटर फळीची असेल तर दिवसाला पस्तीसेक किलो बर्फ वितळेल. तीच फळी आणि आतून पाच सेंटिमीटर दाट फोमची पाटी असेल, तर आठ किलोंच्या आत भागेल. लाकूड उष्णता अडवतं हे खरं, पण फोमच्या मानाने फारच थोडी. म्हणून फळी जाड करण्यात पैसे घालू नयेत. झाकणाला मात्र भिंतींइतकाच फोम लागतो आणि कडेने रबरी पट्टी. घरी केलेल्या पेट्यांत नेमकं झाकणच पोकळ राहतं.

सगळ्यात हट्टी भाग म्हणजे तळाचा नळ. आतल्या भांड्याचं भोक, मधला फोम आणि बाहेरची फळी या तिन्हींतून एकच नळी सरळ आरपार जायला हवी. भांड्याच्या दोन्ही अंगांना रबरी वायसर घालून नट आवळला, तरच ती गळत नाही. भांड्याचा तळ नळाकडे किंचित उतरता नसेल, तर दरवेळी कोपऱ्यात पेलाभर पाणी साचतं आणि चार दिवसांत वास मारतं. पाणी काढायचं कधी, यावरही दोन मतं असतात. बाटल्या गार करायच्या तर ते राहू द्यावं, कारण बर्फाच्या तुकड्यांपेक्षा बर्फाळ पाणी काचेला चहूबाजूंनी भिडतं. खाण्याचे डबे असतील तर मात्र काढलेलंच बरं.

नळ साधला तरी पाण्याचा त्रास संपत नाही. दमट हवा फटींतून आत शिरते आणि थंड भांड्याच्या पाठीवर तिचे थेंब धरतात. भुसा किंवा कापूस भरला असेल तर तो भिजून उष्णता अडवायचं सोडतो आणि आतून लाकूड कुजवतो. बंद पेशींचा फोम फारसं पाणी पीत नाही, हा त्याचा मोठा गुण. फळ्या पावसाळ्यात रुंदीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दोन फळ्यांत नाण्याच्या जाडीची फट सोडावी लागते; घट्ट ठोकलेली पेटी पहिल्याच आषाढात फुगून वाकते. साध्या लोखंडी खिळ्यांभोवती सीडारवर आणि सागावर काळे ओघळ उतरतात, कारण लाकडातलं टॅनिन लोखंडाशी जुळतं. इथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू हवेत. पाय थेट ओल्या फरशीवर टेकले तर कूज खालून सुरू होते, कारण फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी सर्वांत वेगाने वर चढतं. त्या टोकांना तेलाचे दोन-तीन हात द्यावेत आणि खाली रबरी बूच लावावं.

वापर झाल्यावर पेटी पुसून झाकण उघडं ठेवून वाळवायची असते. ओली बंद केली तर आठवडाभरात बुरशी धरते.