७३ सेकंदांना एक रुग्ण

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम. पण प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्या सगळ्या मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. वर्षाचा हिशेब ६५ हजार लिटरच्या वर जातो, म्हणजे १० हजार लिटरचे साडेसहा टँकर!

एवढ्याशा या अवयवाच्या कर्करोगाचे २०२० साली जगभरात ४,३१,२८८ नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. दर ७३ सेकंदांना एक! त्यांत पुरुष २,७१,२४९ आणि बायका १,६०,०३९. पुरुषांमधलं जास्त धूम्रपान हे याचं एक कारण, पण तेवढ्यानं हिशेब जुळत नाही. कर्करोगाला आवर घालणारी काही जनुकं, उदाहरणार्थ केडीएम५सी, एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे त्याच्या दोन प्रती, पुरुषाकडे एकच. ती बिघडली की राखीव काही उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरही फरक राहतो. या कर्करोगानं दगावण्याचा धोका बायकांमध्ये कमी असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. याचं मोठं कारण म्हणजे निदानाच्या वेळी त्यांची गाठ बहुधा लहान आणि कमी आक्रमक असते. आकाराचं महत्त्व केवढं, ते पाहा. ४ सेंटिमीटरची गाठ ५ सेंटिमीटरची झाली की तिचं घनफळ जवळजवळ दुप्पट होतं. ७ सेंटिमीटरची झाली की पाचपटीहून अधिक.

पण दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. कर्करोगाच्या संशयावरून काढलेली गाठ साधी निघण्याचं प्रमाण बायकांमध्ये जास्त. तरीही फक्त गाठ न काढता अख्खं मूत्रपिंड काढण्याचं प्रमाण त्यांच्यातच अधिक असल्याचं अमेरिकेतल्या काही पाहण्यांत दिसलं. एक मूत्रपिंड गेलं की १० लाख गाळण्या जातात, आणि जन्मानंतर त्यांतली एकही नव्यानं तयार होत नाही.

म्हणून बायांनो, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तरी ‘जंतुसंसर्ग असेल’ म्हणून गप्प बसू नका. सोनोग्राफी करून घ्या. आणि गाठ निघालीच, तर शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘फक्त गाठ काढून मूत्रपिंड वाचवता येईल का?’