मृत्युपत्राचा व्यवस्थापक कोण?

डिचोली महालातील पाळी, साखळी किंवा पेडण्यातील मांद्रे अशा गावांतून मुंबईस गेलेल्या घराण्यांत एक प्रश्न पुष्कळदा निघतो. आजोबांनी मुंबईत मृत्युपत्र केले होते, असे सर्वांच्या तोंडी असते. पण त्यांचे घर, पेढीवरील ठेव व दागिने कोणाच्या हाती गेले, हे कोणासच सांगता येत नाही. अशा वेळी वारसांची नावे धुंडाळण्याआधी एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक, शोधावा. इंग्रजी पद्धतीत मिळकत प्रथम त्याच्या स्वाधीन होते.

घोटाळा होतो तो दोन राजवटींच्या दोन रीतींमुळे. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज दिवाणी संहिता लागू झाली. मृत्युपत्र बहुधा नोताराच्या पुस्तकात लिहिले जाई, मिळकतीचा ठराविक हिस्सा सक्तीच्या वारसांसाठी राखलेला असे आणि वाटणी इन्व्हेंतारात होई. प्रोबेट ही वस्तूच तेथे नव्हती. म्हणून पाळीच्या माणसाने मुंबईचे प्रोबेट डिचोलीच्या दप्तरात शोधणे व्यर्थ होय.

ते सापडावयाचे मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात. प्रोबेट मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकासच मिळते. त्याच्या अर्जात मृत्यूची तारीख, मिळकतीची अंदाजी किंमत आणि आपण नेमलेले व्यवस्थापक आहोत हे विधान असते. नेमणूकच नसेल, किंवा नेमलेल्याने नकार दिला असेल, तर प्रोबेटाऐवजी मृत्युपत्र जोडलेले व्यवस्थापत्र दिसेल. हा भेद ध्यानी न घेता व्यवस्थापत्र मिळविणाऱ्यासच एक्झिक्युटर समजणारे पुष्कळ आहेत.

खरे मोलाचे कागद याच्या पुढचे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे व्यवस्थापकाने प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी व एका वर्षात जमाखर्च न्यायालयात दाखल करावयाचा असतो; 1881 च्या कायद्यातही हीच मुदत होती. सर्वांनी हा नियम पाळलाच, असे नव्हे. परंतु ज्याने पाळला, त्याच्या हिशेबात कोणास काय पोचले, याचा उलगडा एका पानावर होतो.

नावांच्या बाबतीत सावध असावे. गोव्याच्या कागदांत शेणव्यांचे ‘सिनाय’ व परबांचे ‘पोरोब’ होते, आणि शंकर हा ‘एस’ऐवजी ‘एक्स’ या अक्षराखाली सापडतो. मुंबईत तोच गृहस्थ निराळ्या अक्षराखाली नोंदला गेला असेल.

विलायतेत मिळकत ठेवून कोणी वारले असल्यास तेथील शोध त्यामानाने सोपा आहे. इंग्लंड व वेल्सकरिता 1858 पासून वर्षवार, आडनावांच्या क्रमाने छापलेल्या सूची आहेत. त्यापूर्वीची प्रकरणे धर्मपीठांच्या न्यायालयांत चालत. जुन्या सूचींत मृताचे नाव, ठिकाण, मृत्यूची तारीख, रक्कम व व्यवस्थापकाचे नाव मिळते. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत पुष्कळदा त्याचे नातेही. पुढच्या काळातील सूचींत व्यवस्थापकाचे नाव नसल्यास मूळ दाखल्याची नक्कल मागवावी. तीत ‘अधिकार राखून’ असे शब्द आढळले, तर दुसराही व्यवस्थापक नेमलेला होता, त्याने तूर्त प्रोबेट घेतले नव्हते, परंतु पुढे घेण्याचा त्याचा हक्क शाबूत होता, असे समजावे. त्याचे नाव मृत्युपत्रात असते.