लोककथा आणि तिचे वाचक : वालेरींना चढलेली नशा

ग्वातेमालात एखाद्या मुलीच्या केसांना रात्रीतून आपोआप वेण्या पडल्या, तिला अन्न जाईना, झोप येईना, की घरची जाणती माणसं ओळखतात : सोंब्रेरोन मागे लागला. अंगात काळे कपडे, डोक्यावर भलीमोठी हॅट, हातात गिटार आणि मागे खेचरं, असा हा ठेंगू गडी. खेचरं दारातल्या खांबाला बांधायची आणि खिडकीखाली गात बसायचं, हा त्याचा नेम. लांब केस नि मोठे डोळे दिसले की तो पाघळतो. मुलगी जेवायला बसली की ताटात माती सापडते. यावर उपाय ठरलेला : वेणी कापायची, चर्चमध्ये न्यायची, पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं. मुलगी नाहीच मिळाली, तर स्वारी घोड्यांच्या आयाळी गुंफत बसते.

हा सोंब्रेरोन पॅरिसला पोचला तो मिगेल आंखेल अस्तुरियास यांच्यामुळे. ते ग्वातेमालाचे, पण माया लोकांच्या श्रद्धांचा अभ्यास करत होते सोर्बोनमध्ये, जॉर्ज रेनो या फ्रेंच प्राध्यापकांकडे. त्यांचं ‘ग्वातेमालाच्या दंतकथा’ हे पुस्तक १९३० साली माद्रिदमध्ये निघालं. फ्रान्सिस द मिओमांद्र यांनी ते फ्रेंचमध्ये आणलं आणि कवी पॉल वालेरींनी ते वाचून मिओमांद्र यांना पत्र लिहिलं. पत्राचा सूर झिंगलेल्या माणसाचा आहे. हे पुस्तक वाचण्यापेक्षा पिण्याचं आहे, उष्ण कटिबंधातलं स्वप्नच आहे, अशा अर्थाचं ते लिहितात.

वालेरींसारखा काटेकोर, बुद्धिवादी माणूस इतका विरघळावा, याची गंमत वाटते. पण कात्री घेऊन बसलेल्या आईला यात स्वप्नबिप्न काही दिसत नाही. तिच्या लेखी ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे.

अर्थात वालेरींना दोष कसा द्यायचा? त्यांच्या हाती आलेली कथा मुळातच वेगळी होती. अस्तुरियास यांच्या सोंब्रेरोनमध्ये मठातल्या एका साधूच्या खोलीत खिडकीतून चेंडू येतो. साधू त्या चेंडूपायी वेडा होतो. पुढे चेंडू हरवल्याने रडणारा मुलगा आणि त्याची आई भेटते, साधू घाबरून चेंडू भिरकावतो, आणि तो मुलाच्या डोक्यावर काळी हॅट होऊन बसतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीला पॅरिसमधल्या अतिवास्तववाद्यांचं पाणी लागलंय, हे उघड आहे. ती मला आवडते. पण आजीने सांगावी अशी ती राहिलेली नाही.

वालेरींनी आपल्याला मायदेशी परतायला सांगितलं, असं अस्तुरियास पुढे सांगत. १९३३ मध्ये ते परतले. १९६७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वालेरींचं पत्र मात्र नंतरच्या अनेक आवृत्त्यांत प्रस्तावनेच्या जागी आहे. म्हणजे सोंब्रेरोनच्या आधी भेटतो तो त्याच्यावर भाळलेला फ्रेंच कवी. नव्या वाचकाने ती पानं खुशाल उलटावीत आणि कथा झाल्यावर पत्राकडे यावं.

पुढच्या भागात कादेहो : दारुड्याला सुखरूप घरी पोचवणारा पांढरा कुत्रा आणि त्याच दारुड्याच्या मागावर असलेला काळा.