कल्याण जंक्शन: दोन घाटांच्या वाटा फुटतात तेथे

मध्य रेल्वेने मुंबईहून नाशिककडे अथवा पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या कल्याण जंक्शनवरूनच पुढे जातात. या स्थानकात एखादी गाडी रखडली की तिचा फटका कसारा, कर्जत आणि थेट मुंबईपर्यंतच्या लोकल प्रवाशांना बसतो. याचे मूळ येथील रुळांच्या रचनेत आहे आणि त्या रचनेचे मूळ सह्याद्रीत.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली. पुढे डोंगर आडवा होता. तो ओलांडण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने दोन वाटा निवडल्या: ईशान्येला थळ घाट, आग्नेयेला बोर घाट. आग्नेयेचा मार्ग १८५६ मध्ये पळसदरी-खोपोलीपर्यंत पोहोचला, मात्र बोर घाटातून गाडी जाण्यास १८६३ साल उजाडले. मधल्या काळात पुण्याच्या प्रवाशांना घाट पालखीतून किंवा तट्टावरून चढावा लागे. थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला.

आजची अडचण या फाट्यातच आहे. भारतात गाड्या डाव्या मार्गिकेने धावतात. मुंबईहून येताना कसाऱ्याची वाट कल्याणला डावीकडे, तर कर्जतची उजवीकडे वळते. त्यामुळे कर्जतकडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीची वाट छेदावी लागते. हे छेदन एकाच पातळीवर होते. सांधे एका गाडीसाठी जुळवले की दुसरीला लाल सिग्नल मिळणारच. पुण्याची एक्स्प्रेस उशिरा आली, तर नियंत्रकापुढे प्रश्न उभा राहतो: तिला आधी सोडावे की कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलला? कोणाला तरी थांबावेच लागते. त्यात जलद आणि धिम्या, दोन्ही मार्गिकांवरील लोकल दोन्ही दिशांना जातात. जवाहरलाल नेहरू बंदरातून पनवेल-दिवामार्गे येणाऱ्या मालगाड्यांची भर वेगळीच.

ठाणे ते दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. मुंबईच्या बाजूला त्यामुळे दिलासा मिळाला, परंतु गाड्या अधिक मार्गिकांवरून आल्या तरी त्यांना अखेर याच सांध्यांवरून जावे लागते.

यावरचा उपाय कागदावर सोपा आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यांच्या वाटा यार्डातच वेगळ्या करायच्या. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तीन-अ टप्प्यात कल्याण यार्डाच्या अशा फेररचनेचा समावेश आहे. कल्याण-बदलापूर तिसरी व चौथी आणि कल्याण-आसनगाव चौथी मार्गिकाही याच टप्प्यात आहे. खरी कसोटी कामाच्या पद्धतीची आहे. रूळ हलवायचे ते चालू वाहतुकीत, रात्रीच्या मोजक्या तासांच्या ब्लॉकमध्ये, आणि पहाटेच्या पहिल्या लोकलपूर्वी मार्ग मोकळा करून द्यायचा.